पहिली मोटर सायकललाच बसवा: घरच्या घरी इलेक्ट्रिक वाहन बनवू पाहणाऱ्यांसाठी

‘जुनी स्प्लेंडर पडून आहे, तिला मोटर नि बॅटरी बसवता येईल का?’ आपल्याला या कामाचा नाद आहे हे चार लोकांना कळलं, की हा प्रश्न हमखास येतो. कधी स्प्लेंडरच्या जागी ॲक्टिव्हा असते, कधी मामांची मारुती ८००. बसवता येते. पण ज्याने अजून मल्टीमीटरही हातात धरलेला नाही, त्याने तिथून सुरुवात करू नये. आधी एक सायकल इलेक्ट्रिक करावी. बॅटरी, कंट्रोलर, मोटर, चार्जर हे मोठ्या गाडीतले मुख्य भाग सायकलमध्येही असतात. फरक एवढाच, की सगळं टेबलावर मांडून बघता येतं, बॅटरीचा दाब ४४ व्होल्टच्या वर जात नाही आणि आरटीओची पायरी चढावी लागत नाही.

मोटर फिरवणं हे यातलं सोपं काम आहे. बॅटरी नीट निवडणं, नीट जोडणं आणि नीट सांभाळणं हे खरं काम, म्हणून हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी कायदा, कारण त्यावरून किट ठरतं

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची अर्धा तास सलग देता येणारी ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवरचं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. म्हणजे नंबर नाही, लायसन्स नाही. पॅडल मारताना मदत करणाऱ्या सायकलीला आणखी एक अट आहे. वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी व्हायला हवी आणि २५ ला पोचताच, किंवा त्याआधी पाय थांबले तर तेव्हाच, ती बंद पडायला हवी. या अटी मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने पडताळलेल्या असाव्यात असंही नियम म्हणतो. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. म्हणून किट, म्हणजे मोटर, कंट्रोलर वगैरेंचा तयार संच, घेताना दुकानदाराकडे त्या पडताळणीचा कागद मागा. तो ‘त्याची काय गरज?’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

ऑनलाइन बाजारात ५००, ७५०, अगदी १००० वॉटची किटंही सर्रास मिळतात. ती सायकलला बसवली की तुमच्याकडे बिननंबरची, बिनविम्याची मोटरसायकल तयार होते. पोलिसांनी पकडलं नाही तरी, कुणाला धडक बसली की त्या दिवशी सगळं अंगावर येतं. शिवाय सायकलचे ब्रेक ताशी ४५ च्या वेगासाठी बनवलेले नसतात.

बऱ्याच किटांसोबत थ्रॉटलही येतो, म्हणजे पॅडल न मारता मोटर चालवायची मूठ. पाय थांबले की मोटर थांबावी या अटीत तो नीट बसत नाही. मी तो जोडतच नाही. पॅडल असिस्टवर चार दिवस चालवली की त्याची आठवणही राहत नाही.

चार भाग आणि एक गुणाकार

बॅटरी वीज साठवते आणि मोटर ती फिरवण्यात घालवते. मधला कंट्रोलर बॅटरीची सरळ वीज तीन वायरींत आळीपाळीने सोडून मोटर फिरवतो. मोटर बीएलडीसी जातीची, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली. चाकाच्या मधोमध, हबमध्येच ती बसते, म्हणून तिला हब मोटर म्हणतात. मोटर आत्ता कुठल्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला कळावं म्हणून आत तीन हॉल सेन्सर असतात. चेनवर जोर देणारी मिड ड्राइव्ह मोटर घाटात सरस ठरते, पण महाग आणि बसवायला किचकट. पहिल्या सायकलीला हबच घ्या.

आता गुणाकार. बॅटरीवर ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-अवर लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार ३६० वॉट-अवर. ही तुमची टाकी. सपाट रस्त्यावर पॅडल मारत ताशी वीसने गेलं, तर किलोमीटरला १० ते १२ वॉट-अवर लागतात. ३६० ला १२ ने भागा, ३० किलोमीटर आले. जाहिरातीत ५० लिहिलेलं असलं तरी तुम्ही ३० च धरा आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी त्यातले २५ मोजा. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं.

विजेचा खर्च याच आकड्यातून निघतो. चार्जरमधली गळती धरून एका पूर्ण चार्जला ०.४ युनिट लागतं (एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर). महावितरणच्या बिलात तुमचा शेवटचा टप्पा कुठला आहे ते बघून गुणा. युनिट दहा रुपयांना धरलं तरी चार रुपये झाले.

पेट्रोल गाडीशी तुलना करायची तर एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरला २०० वॉट-अवर जाळते. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला ३० च्या आसपास पुरतात. बाकीचं पेट्रोल मुख्यतः इंजिन आणि सायलेन्सर तापवण्यात जातं.

घाटाचा हिशेबही करून टाकू, कारण सातारा, कोल्हापूर, नाशिककडच्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा. सहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची. ताशी १५ ने चढायला चाकावर साधारण २९० वॉट लागतात. मोटरकडून दोनशेच्या आसपास धरा, उरलेले नव्वद-शंभर वॉट पायांनी द्यायचे. धडधाकट माणसाला ते जमतं, दम फार लागत नाही. पाय मारायचेच नाहीत असं ठरवलं, तर लांब चढावर मोटर तापते आणि आतले नायलॉनचे गिअर झिजतात.

सायकल कुठली घ्यावी

लोखंडी सांगाड्याची, दोन्ही चाकांना डिस्क किंवा व्ही-ब्रेक असलेली आणि गिअर असले तर स्क्रू पद्धतीचं सहा-सात दातेरी चक्रांचं फ्रीव्हील असलेली. दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल दिसायला कितीही मजबूत असली तरी तिचे ब्रेक या कामाचे नाहीत. कार्बनचा सांगाडा असेल तर विषयच संपला.

किट मागवण्याआधी एक माप घ्या. मागचं चाक काढून, आस जिथे बसतो त्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. गिअरच्या सायकलला ते बहुधा १३५ मिलिमीटर असतं. पुढच्या चिमट्याला १०० असतं. हे माप आणि रिमचा आकार, २६, २७.५ की २९, दुकानदाराला सांगायचा.

पुढच्या चाकात मोटर बसवणं सोपं असतं, कारण तिथे फ्रीव्हील आणि चेनची भानगड नाही. पण चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा शॉकॲब्सॉर्बरवाला असेल तर तिथे मोटर बसवू नका. जोर लागला की त्याची टोकं तडकतात, आणि चालत्या सायकलचं पुढचं चाक सुटणं म्हणजे काय हे सांगायला नको. मागेच बसवा.

बॅटरी: निम्मा खर्च, त्याहून जास्त जबाबदारी

खर्चातला साधारण निम्मा वाटा बॅटरी खाते, म्हणून सगळ्यांना वाचवायचे पैसे इथेच दिसतात. व्हिडिओ पाहून भंगारातले लॅपटॉप फोडून सेल काढणारे बरेच आहेत. नवख्याने ते करू नये. प्रत्येक सेल वेगळा झिजलेला असतो, आणि अशा सेलांच्या पॅकमध्ये सर्वांत कमजोर सेल कधी फुगेल याचा भरवसा नसतो. सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर उष्णतेने तो आतून खराब होतो. ते काम स्पॉट वेल्डिंगचं आहे. तयार, गॅरंटीचा, बिलावर नंबर असलेला पॅक घ्या. आतले सेल कुठल्या कंपनीचे हे लिहून मागा आणि सेलवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी आहे का विचारा.

पॅकच्या आत काय असतं ते माहीत असलेलं बरं. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा गोल सेल असतो, म्हणून त्याचं नाव १८६५०. एकाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. असे दहा एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट. २.६ ॲम्पिअर-अवरचे चार सेल शेजारी-शेजारी जोडले की १०.४ ॲम्पिअर-अवर. म्हणजे तुमच्या पॅकमध्ये चाळीस सेल आहेत. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून पूर्ण भरलेला पॅक ४२ दाखवतो. या सगळ्यांवर बीएमएस नावाची छोटी पाटी लक्ष ठेवते. कुठलाही सेल जास्त भरू लागला, जास्त रिकामा होऊ लागला किंवा प्रवाह हाताबाहेर गेला, की ती वाट तोडते. बीएमएस नसलेला पॅक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

दुसरा प्रकार एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा. वजनाला जड, पण आयुष्य लांब आणि तापून पेटण्याचा धोका कमी. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सायकल दिवसभर बाहेर उभी राहणार असेल, तर मी डोळे झाकून एलएफपी सुचवतो. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा. बारा जोडले की ३८.४, आणि पूर्ण भरल्यावर ४३.८.

इथेच नवख्यांचा घोटाळा होतो. दोन्ही पॅकना बाजारात ‘छत्तीस व्होल्ट’च म्हणतात. दोघांचे चार्जर एकाच काळ्या डब्यात, एकाच पिनेचे, शेजारी ठेवले तर ओळखू न येणारे. पण एकावर आउटपुट ४२ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ४३.८. दुसरा चार्जर पहिल्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्टपर्यंतचा दाब येतो. बीएमएस सहसा वाट तोडते. पण आगीपासून वाचवायला फक्त तीच उरली असेल, तर तुमची रात्रीची झोप एका पाटीच्या भरवशावर आहे. शिसे-ॲसिड बॅटरीचा ३६ व्होल्टचा चार्जरही ४२ च्या वर जातो, तोही चालणार नाही. चार्जर हातात आला की मल्टीमीटरने आउटपुट मोजा आणि पॅकवर नि चार्जरवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. घरात दोन चार्जर असतील तर ही चिकटपट्टी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरींना आगी लागल्यावर केंद्राने दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. त्याचा पहिला टप्पा त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाला. ते नोंदणीच्या वाहनांसाठी आहे, सायकलींना लागू नाही. म्हणून सायकलच्या बॅटरीची तपासणी तुम्हीच करायची.

हत्यारं

मल्टीमीटर, पान्ह्यांचा सेट, ॲलन की, फ्रीव्हील काढायचं हत्यार, केबल टाय, हीट श्रिंक नळ्या. मल्टीमीटर स्वस्तातला चालेल, पण तो वापरायला शिकल्याशिवाय बॅटरीचं खोकं उघडू नका. अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा. ४२ व्होल्टचा झटका सहसा जाणवतही नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर अंगठी टेकली तर ती क्षणात लाल होते.

जोडणी

सायकल उलटी करून मागचं चाक काढा. टायर-ट्यूब आणि फ्रीव्हील नव्या मोटरच्या चाकावर चढवा. मोटर रिममध्ये बसवूनच आलेली असते, पण त्या चाकाचा आऊट एकदा गल्लीतल्या सायकलवाल्याकडून काढून घ्या. वजन वाढणार आहे, आरे सैल असून चालणार नाही.

चाक बसवण्याआधी एक छोटा प्रयोग करा. मोटरमधून तीन जाड वायरी बाहेर येतात. पिवळी, हिरवी, निळी. त्या मोकळ्या असताना चाक हाताने उलट्या दिशेने फिरवा. उलट्या अशासाठी, की गिअरवाल्या हब मोटरमध्ये क्लच असतो आणि सरळ फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही. आता दोन वायरींची टोकं एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवा. चाक अडखळत, कुणी आतून धरल्यासारखं फिरेल. तिन्ही जोड्यांना सारखाच अडसर जाणवला तर मोटरचं वाइंडिंग ठीक. पुढे कधी कंट्रोलर जळाला तर हाच प्रयोग उपयोगी पडतो. कंट्रोलर जोडलेला असताना, बॅटरी नसूनही चाक उलटं फिरवताना तसंच अडखळलं, तर दोष बहुतेक कंट्रोलरमध्ये आहे.

आता चाक बसवा. मोटरचा आस गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा असतो, चपट्या भागात १० मिलिमीटर. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढाच जोर आसाला मागे फिरवू बघतो. फक्त नटच्या आवळण्यावर तो थांबवायचा नसतो. किटमधले दातेरी वॉशर लावाच, पण त्यावर समाधान मानू नका. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीत आसाच्या चपट्या भागाला घट्ट बसेल अशी १० मिलिमीटरची खाच करून घ्या आणि पट्टीचं दुसरं टोक सांगाड्याच्या नळीला क्लॅम्पने बांधा. याला टॉर्क आर्म म्हणतात. तो नसला आणि आस फिरला, तर मोटरमधून येणारी वायर पिळवटून तुटते आणि कंट्रोलरही बरोबर घेऊन जाते. नट भक्कम आवळा आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

पुढे पॅडलचा सेन्सर. पॅडलच्या आसावर चुंबक असलेली चकती बसते आणि सांगाड्यावर सेन्सर. चकतीवर बाण असतो, तो पॅडलच्या दिशेने हवा. चकती आणि सेन्सरमध्ये दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका. पॅडल मारूनही मोटर उठली नाही तर दहातल्या आठ वेळा दोष या फटीत किंवा उलट्या बाणात निघतो.

ब्रेकचे लिव्हर किटमधलेच वापरा. त्यांच्यात स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद होते. ‘माझे जुने लिव्हर चांगले आहेत’ म्हणून हे टाळू नका.

कंट्रोलर बॅटरीच्या पिशवीत कोंबू नका, त्याला हवा लागू द्या. सांगाड्याला खालून बांधला तर पावसाचा चिखल लागतो. सीटखालची जागा बरी. वायरी जोडताना बॅटरी जवळपासही नको. रंगाला रंग जोडा. तीन जाड वायरी, हॉल सेन्सरचा पाच वायरींचा प्लग, पॅडल सेन्सर, ब्रेक, डिस्प्ले. मोटर आणि कंट्रोलर एकाच किटमधले असले की रंग जुळतात. वेगवेगळे घेतले असतील तर चाक थरथरतं, गुरगुरतं पण फिरत नाही. अशा वेळी लगेच बंद करा आणि जाड वायरींचा क्रम बदलून बघा.

बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये, बॅटरीला लागूनच, २० ॲम्पिअरचा फ्यूज हवा. कारमधला पात्यासारखा फ्यूज सहज मिळतो म्हणून लोक तोच लावतात. तो ३२ व्होल्टसाठी असतो, आणि आपल्याकडे ४२ आहेत. जास्त दाबावर फ्यूजची तार वितळली तरी मधली ठिणगी विझेलच असं नाही. घरातल्या उलटसुलट विजेसाठी (एसी) बनवलेला एमसीबी स्विचही बॅटरीच्या सरळ विजेला, म्हणजे डीसीला, भरवशाचा नाही. ५८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसीसाठी लिहिलेला फ्यूज मागून घ्या. जाड वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची पुरे.

शेवटी बॅटरी. सायकल उलटीच असू द्या, चाक हवेत. आधी मल्टीमीटरने बॅटरीच्या प्लगवर दाब मोजा. ३६ ते ४२ च्या (एलएफपी असेल तर ४३.८ च्या) दरम्यान असेल तर लाल कुठली, काळी कुठली हे आकड्यापुढच्या उणे चिन्हावरून खात्री करून घ्या. उणे दिसलं तर टोकं उलटी आहेत. प्लग जोडताना ‘टिक’ असा आवाज येऊन बारीक ठिणगी उडते. कंट्रोलरमधले कपॅसिटर भरताना ती उडते, घाबरायचं कारण नाही. डिस्प्ले लावा, असिस्टची सर्वांत खालची पायरी निवडा, हाताने पॅडल फिरवा. चाक उठेल. ब्रेक दाबा, ते लगेच सुटलं पाहिजे. ही ब्रेकची तपासणी पाच-सहा वेळा झाल्याशिवाय सायकल सरळ करू नका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चाकाचा आकार आणि वेगमर्यादा २५ घाला. चाकाचा आकार चुकला तर वेगही खोटा दिसतो.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हेल्मेट घालून. पाच मिनिटांनी थांबून हात फिरवा. मोटर कोमट चालेल, प्लग गरम नको. प्लग गरम लागला म्हणजे जोड सैल आहे.

चार्जिंग आणि पाऊस

घाटातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी अर्धा तास थंड होऊ द्या. चार्जिंग जागेपणी करा. जिन्यात, घराच्या एकमेव दारापाशी किंवा गॅस सिलिंडरजवळ तर नाहीच. फ्लॅटमध्ये लोक नेमके चपलांच्या कपाटाशेजारी बॅटरी लावतात. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद. फुगलेली, पडून चेपलेली किंवा गोडसर, रसायनासारखा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. धूर येऊ लागला तर वाचवायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा, दार लावून घ्या आणि १०१ फिरवा. कोरड्या पावडरने ज्वाळा विझल्या तरी सेल आतून तापत राहतात आणि पुन्हा पेटतात. त्यांना भरपूर पाण्याने थंड करावं लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. पूर्ण भरलेली नको, पूर्ण रिकामी तर अजिबात नको.

पावसाचं सोपं आहे. प्रत्येक वायर कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी वायरीवरून घरंगळून लोंबत्या भागावरून खाली पडेल, आत जाणार नाही. प्लगची तोंडं खाली. मोटरच्या आसापाशी वायर आत जाते तिथे सिलिकॉन भरा. आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर सायकल हातात धरूनही नेऊ नका, पाणी उतरेपर्यंत थांबा.

सायकलनंतर स्कूटर, मोटरसायकल, कार

सायकल एक पावसाळा नीट चालली की मग पुढचा विचार. आता कायदा पूर्ण बदलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी झालेल्या गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. इंजिन काढून मोटर बसवायची तर एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे तपासलेलं किटच लागतं, आणि तेही त्या किटच्या अधिकृत माणसाने बसवलेलं. स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य किट ठाण्याच्या एका कंपनीने काही वर्षांपूर्वीच आणलं. तिथे तुमचं काम हत्यार चालवण्याचं नाही, नीट प्रश्न विचारण्याचं. सायकल केलेली असली की ते विचारता येतात. पॅक किती वॉट-अवरचा? सेल कुठले? बीएमएस किती ॲम्पिअरला वाट तोडते? उत्तराऐवजी कोरा चेहराच दिसला, तर तिथून निघा.

कन्व्हर्जन मोठ्या प्रमाणावर झालेलं बघायचं तर काठमांडू. १९९३ मध्ये तिथे डिझेलवर चालणाऱ्या एका तीनचाकी विक्रम टेम्पोचं इंजिन काढून त्याला मोटर बसवली गेली. त्यातून ‘सफा टेम्पो’ आले आणि शहरात शेकड्यांनी धावले. बॅटऱ्या शिशाच्या होत्या, म्हणून स्टेशनावर रिकामी काढून भरलेली चढवायची पद्धत पडली.

कारचं काम तर घरच्या अंगणात करूच नये. दाब साठ व्होल्टच्या बराच वर जातो आणि तो जीवघेणा असतो. मग हवेत भगव्या रंगाच्या जाड केबल, जोडताना कंट्रोलर जळू नये म्हणून आधी रेझिस्टरमधून हळू भरणारं प्रीचार्ज, अपघातात वाट तोडणारे काँटॅक्टर. हेडलाइट, हॉर्न, वायपरसाठी १२ व्होल्ट बनवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर वेगळा. शिवाय एक गोष्ट चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक हलका लागावा म्हणून बहुतेक पेट्रोल कारमध्ये इंजिनची हवा ओढण्याची ताकद वापरतात. इंजिन काढलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो. त्यासाठी विजेवरचा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. छोट्या कारला किलोमीटरला १०० ते १२० वॉट-अवर धरले, तर शंभर किलोमीटरसाठी १२ युनिटची बॅटरी लागते, आणि एलएफपीमध्ये ती शंभर किलोच्या आसपास भरते. हे वजन कुठे ठेवायचं यावर गाडी वळणावर कशी वागेल ते ठरतं.

गाडी देण्याआधी कागद या क्रमाने बघा. किटच्या मंजुरीत तुमच्या गाडीचं नेमकं मॉडेल लिहिलेलं आहे का. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. पंधरा वर्षं होत आली असतील तर आधी पुनर्नोंदणी. काम झाल्यावर बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र, आरटीओची तपासणी, आरसीत इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिकची नोंद, विमा कंपनीला लेखी कळवणं आणि हिरवी नंबर प्लेट. खासगी गाडीला तिच्यावर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळी. नवी आरसी हातात पडेपर्यंत काढलेलं इंजिन भंगारवाल्याला देऊ नका. तपासणीत काही अडलं आणि गाडी पूर्ववत करायची वेळ आली, तर ते लागेल.